सहा जणांचं टेबल, लोअर परळ आणि माणशी तीन हजार

प्रश्न थोडक्यात असा आहे की डोंबिवली-ठाण्याकडचे सहा जुने कॉलेजचे मित्रमैत्रिणी, एकाचं प्रमोशन झालंय म्हणून लोअर परळला नाहीतर फोर्टात एखाद्या भारी रेस्टॉरंटात जायचंय, बजेट माणशी तीन हजारांपर्यंत, दोघं पीत नाहीत, एक जण पक्का शाकाहारी, आणि धाकधूक ही की बिल किती येईल कळत नाही, ऑर्डर कशी द्यायची, सर्व्हिस चार्ज द्यायलाच लागतो का, टिप किती ठेवायची, इंग्रजी फाडावं लागेल का आणि कपडे काय घालायचे. मी दादरच्या केटरिंग कॉलेजातून बाहेर पडून आधी पंचतारांकित हॉटेलात स्टुअर्ड, मग टेबलावर ऑर्डर घेणारी कॅप्टन आणि आता एका रेस्टॉरंटात फ्लोअर मॅनेजर आहे, म्हणजे हेच सगळं रोज टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघते, तर जरा लांबण लागेल पण सांगते.

आमच्याकडे येऊन लोकांचे जे जास्तीचे पैसे जातात ना, ते महागाईने कमी आणि भिडेने जास्त जातात. भाव विचारला तर काय म्हणतील, साधं पाणी मागितलं तर कंजूष वाटू, हे काय आहे विचारलं तर गावंढळ दिसू. अहो, आम्हाला दिवसभर लोक हेच विचारत असतात, त्यासाठीच आम्ही उभे असतो. आणि खरं सांगू का, ज्या टेबलाने सुरुवातीलाच मोकळेपणी सांगितलं की आमचं बजेट एवढं आहे, त्या टेबलाचं काम आम्हाला सोपं जातं, कारण नंतर बिलावरून तोंडं पाडून बसलेले सहा चेहरे बघणं कोणालाच आवडत नाही.

आता बुकिंग. अॅपवरून करा पण त्यानंतर एक फोनही करा, दुपारी तीन ते सहाच्या मधे, तेव्हा आम्ही निवांत असतो, रात्री नऊला फोन केलात तर होस्टेस एका कानाने तुमचं ऐकेल आणि दुसऱ्या कानाने दारातल्या गर्दीचं. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. एक, टेबल किती वेळासाठी आहे, कारण शुक्रवार-शनिवारी बहुतेक ठिकाणी दोन सीटिंग असतात, साधारण साडेसात-आठचं आणि पावणेदहा-दहाचं, पहिल्या सीटिंगला बसलात तर दोन तासांनी टेबल सोडायला सांगतात आणि ते न सांगता बसवलं की मग कटकटी होतात. दोन, डिपॉझिट किंवा कव्हर चार्ज, म्हणजे नुसतं आत येऊन बसण्याचे माणशी पैसे, आहे का आणि तो बिलातून वजा होतो का. तीन, सर्व्हिस चार्ज लावता का. हे तिसरं फोनवर विचारून टाकलं की रात्रीचा अर्धा वाद तिथेच मिटतो.

तुम्ही डोंबिवलीचे, तर पहिलंच सीटिंग घ्या. दुसऱ्या सीटिंगला मुख्य जेवण येईपर्यंत अकरा वाजतात आणि मग प्रत्येक जण मोबाइलवर शेवटची लोकल बघत जेवतो, हे मी करी रोडच्या जवळ काम करून इतकं पाहिलंय की विचारू नका. परमिट रूमला रात्री दीडपर्यंत परवानगी असली तरी किचनची लास्ट ऑर्डर त्याच्या बरीच आधी असते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा, गर्दी कमी, कॅप्टनला तुमच्याशी बोलायला वेळ, आणि तुमच्यात मंगळवार नाहीतर गुरुवार पाळणारं कोणी असेल तर ते आधी विचारून घ्या, नाहीतर टेबलावर आल्यावर कळतं की सहापैकी तिघांचा आज वार आहे. आषाढीला ड्राय डे असतो हेही लोक विसरतात आणि मग आमच्यावर चिडतात.

जागा कुठली, ते तुमच्यावर, पण एक इशारा देते. महालक्ष्मीचं मास्क किंवा तशा धर्तीची जी टेस्टिंग मेन्यूवाली ठिकाणं आहेत तिथे एकापाठोपाठ एक छोटे कोर्स येतात, ठरलेली किंमत असते आणि ती तुमच्या बजेटच्या बाहेर आहे, शिवाय तिथे आपल्याला हवं ते मागवून वाटून खाण्याची मजा नसते. मित्रांचा गोंधळ करायचा असेल तर शेअरिंगवाली जागा बघा, कमला मिल्समधलं बॉम्बे कॅन्टीन २०१५ पासून आहे आणि तिथे आपल्याच ओळखीच्या पदार्थांना वेगळं रूप दिलेलं असतं, किंवा मासेच खायचे असतील तर काळा घोड्याचं तृष्णा नाहीतर फोर्टातलं महेश लंच होम, तिथे थाट कमी आणि ताटात माल जास्त. पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटांचा हिशोब वेगळा, त्याबद्दल खाली बिलाच्या वेळी बोलते. आणि रूफटॉपला गेलात तर बसल्या बसल्या बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे एवढं बघून ठेवा, डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सच्या आगीत १४ माणसं गेली, तेव्हापासून आमच्या धंद्यातला प्रत्येक जण कुठेही गेला की आधी ते बघतो.

बसलात की पहिला प्रश्न येतो, स्टिल की स्पार्कलिंग, म्हणजे पाणी साधं की बुडबुड्यांचं? इथे पहिली भीड पडते. दोन्ही बाटलीबंद आणि दोन्हीचे पैसे लागतात, आणि बाटलीवरच्या एमआरपीपेक्षा जास्त लावले तरी तक्रार टिकत नाही, रेस्टॉरंटात बसून पिता तेव्हा ती नुसती बाटलीची विक्री राहत नाही, सेवा धरली जाते असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. सहा जणांत सहज चार-पाच बाटल्या संपतात. तेव्हा सरळ म्हणायचं, 'रेग्युलर पाणी द्या.' बस. चांगल्या जागी फिल्टरचंच असतं, आम्ही स्टाफ तेच पितो.

दारूचं बघू. मेन्यूवर व्हिस्की-रमचे भाव बहुतेक ३० मिलीचे असतात, म्हणजे स्मॉलचे, आणि तुम्ही 'लार्ज' म्हणालात की ६० मिली आणि भाव दुप्पट, हे माहीत असूनही तिसऱ्या राउंडला कोणी मोजत नाही. वाइनची बाटली ७५० मिलीची, पाच ग्लास निघतात, तेव्हा चौघं वाइन पिणार असतील तर ग्लासने मागवण्यापेक्षा बाटली जवळपास नेहमीच स्वस्त. आता वाइन निवडायची कशी, तर त्याची एक युक्ती आहे आणि ती आम्हाला फार आवडते. सगळ्यांसमोर 'स्वस्तातली सांगा' म्हणायला लाज वाटते ना, मग वाइन लिस्ट उघडा, तुम्हाला परवडेल अशा एका बाटलीच्या किमतीवर बोट ठेवा, नावावर नाही, किमतीवर, आणि कॅप्टनला म्हणा, 'असं काहीतरी बघतोय, तुम्ही काय सांगाल?' त्याला बरोब्बर कळतं, तो त्याच आकड्याच्या आसपासच्या दोन बाटल्या सांगतो आणि टेबलावर बाकी कोणाला पत्ता लागत नाही. पार्टी देणारा एकच जण असेल तर त्याने हे नक्की करावं.

मग तो बाटली दाखवतो, उघडतो आणि थोडीशी ओतून तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. लोक इथे घाबरतात, परीक्षा असल्यासारखे. अहो, ती वाइन आवडली का हे तो विचारतच नसतो, बाटली खराब झालेली नाही ना एवढंच बघायचं असतं, ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर सांगायचं, आम्ही बदलून देतो, नाहीतर मान हलवायची आणि विषय संपला. आणि हो, महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ आणि हार्ड ड्रिंक्सना २५ पूर्ण लागतात, कॉलेजचे मित्र म्हणालात म्हणजे तुमचा प्रश्न नाही, पण धाकट्या भावाला बरोबर आणणार असाल तर आधार कार्ड मागितलं म्हणून रागावू नका, लायसन्स आमचं जातं.

खाण्याच्या ऑर्डरमध्ये सगळ्यात जास्त गडबड कुठे होते सांगते. सगळे मेन्यू उघडून बसतात, मग एकदम सगळं सांगून टाकतात, स्टार्टर पाच, मेन चार, रोट्या, राइस, आणि कॅप्टनने केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, मारली की किचनला ते एकत्र जातं. वीस मिनिटांत टेबलावर ताटं ठेवायला जागा नाही, अर्धं गार होतं, आणि पोट भरलेलं असताना उरलेलं समोर बघत बसायचं. त्यापेक्षा सांगा की आधी तीन स्टार्टर द्या, बाकीचं मग बघू. किंवा सगळं सांगा पण 'मेन होल्डवर ठेवा, आम्ही सांगू तेव्हा लावा' म्हणा, हे शब्द किचनला नेहमीचे आहेत.

दुसरं, पीसेस विचारा. छोट्या प्लेटमध्ये चार पीस येतात आणि तुम्ही सहा. मग दोन प्लेट मागवल्या जातात, दोन पीस उरतात, ते कोणीच लाजेने उचलत नाही आणि शेवटी आम्ही ते उचलून नेतो. चारच्या जागी सहा पीस करून त्या प्रमाणात पैसे लावायला बरीच किचन तयार असतात, फक्त ऑर्डर देतानाच विचारायचं.

आता एपीएस. मासे-खेकड्यांच्या मेन्यूत किमतीच्या जागी ही तीन अक्षरं दिसली की सावध व्हायचं. म्हणजे आकाराप्रमाणे भाव. मागे आमच्याकडे एक ग्रुप आला होता, त्यातल्या एकाने ऐटीत सांगितलं, 'एक क्रॅब लावा, बटर पेपर गार्लिक.' मी ट्रेमध्ये तीन खेकडे घेऊन गेले, दोऱ्याने बांधलेले, नांग्या हळूहळू हलत होत्या, आणि विचारलं कुठला घेऊ. तो म्हणाला, 'मोठा घ्या ना!' बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा वाकून हळूच म्हटलं, सर, हा सव्वा किलोच्या आसपास जाईल, आजच्या रेटने इतके होतील. त्याचा चेहरा एकदम बदलला, मग हसला आणि म्हणाला, 'मधला बरा दिसतोय, नाही?' मधलाच चविष्टही होता, फार मोठ्या खेकड्याला मसाला आतपर्यंत लागत नाही असं माझं मत. पण मुद्दा काय, मी सांगितलं म्हणून, सगळीकडे सांगतीलच असं नाही. तेव्हा खेकडा असो, लॉबस्टर असो की पापलेट, वजन आणि रेट दोन्ही तोंडी विचारून घ्यायचे, आणि दाखवतात तर बघून घ्यायचे.

त्याच ओघात, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मेन्यूवर पापलेट, बोंबील, सुरमई दिसली तर ती फ्रोझन असण्याची शक्यता जास्त, किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. विचारा, प्रामाणिक कॅप्टन खरं सांगतो. त्या दिवसांत चिकन-मटण खा, बोंबलांसाठी ऑगस्टपर्यंत थांबा.

शाकाहारी मित्राचं जरा नीट बघा कारण इथे भीड महागात पडते, पैशाने नाही, दुसऱ्या अर्थाने. 'व्हेज आहे ना?' एवढंच विचारून चालत नाही. थाई करीत फिश सॉस असतो, चायनीजमधल्या भाजीला ऑयस्टर सॉस लावलेला असू शकतो, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे, पन्ना कोटा आणि काही मूससारख्या गोड पदार्थांत जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, आणि अस्सल पार्मेजान चीज वासराच्या रेनेटवर, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणावर बनतं. हिरवा ठिपका दिलेला असला तरी त्याने स्वतः कॅप्टनला सांगावं की फिश सॉस, ऑयस्टर सॉस, जिलेटिन काही चालत नाही, अंडं चालतं की नाही तेही सांगावं. बुकिंगच्या फोनवर सांगितलंत तर सगळ्यात उत्तम, किचनला वेगळं काहीतरी चांगलं करता येतं. ऐन गर्दीत सांगितलं की मग त्याच्या वाट्याला पनीर येतं, आणि शाकाहारी माणूस पनीर बघून किती दमलेला असतो ते त्यालाच विचारा. कोणाला शेंगदाणे, कोळंबी वगैरेची अॅलर्जी असेल तर ती मात्र मस्करीत सांगायची गोष्ट नाही, बसल्या बसल्या सांगा आणि ती केओटीवर लिहून घ्यायला लावा.

एखादा पदार्थ बिघडलाय असं वाटलं तर दोन घासांत सांगा. आपल्या लोकांची गंमत अशी की मी टेबलाशी जाऊन विचारते, सगळं ठीक? तर सहाही जण 'हो हो, छान!' आणि रबरासारखी झालेली कोळंबी चावत बसतात, आणि घरी जाऊन एक स्टार. प्लेट अर्धी शिल्लक असताना सांगितलंत तर आम्ही बदलतो किंवा बिलातून काढतो, तेवढा अधिकार मॅनेजरला असतो. रिकामी प्लेट दाखवून तक्रार केली तर काय करणार? आणि हाक मारायला चुटकी नका वाजवू, 'शूक शूक' तर नकोच. नजर मिळवली तरी पुरतं, नाहीतर 'दादा', 'ताई' म्हणा की बिनधास्त, काही वावगं नाही त्यात.

बिलाकडे येऊ. जेवणावर ५ टक्के जीएसटी, हा स्टँडअलोन, म्हणजे हॉटेलाच्या आत नसलेल्या रेस्टॉरंटचा दर, एसी असो वा नसो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के, म्हणून मघाशी म्हटलं की पंचतारांकिताचा हिशोब वेगळा. दारूवर जीएसटी नाहीच, त्यावर राज्याचा व्हॅट, परमिट रूमला तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के आहे, आधी ५ होता. म्हणून दारूचं आणि जेवणाचं बिल बहुतेक ठिकाणी वेगवेगळं छापलं जातं आणि हीच तुमची सोय आहे. समजा जेवण ९००० चं झालं आणि दारू ६००० ची. जेवण करासकट ९४५०, सहाने भागलं की १५७५. दारू करासकट ६६००, पिणारे चौघं, माणशी १६५०. म्हणजे न पिणाऱ्या दोघांनी १५७५ द्यायचे आणि पिणाऱ्यांनी ३२२५. सरसकट सहाने भागलं असतं तर प्रत्येकी २६७५, म्हणजे ज्याने फक्त लिंबू सोडा घेतला त्याला अकराशेचा भुर्दंड. तो तेव्हा काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी 'काम आहे' म्हणून येत नाही. तेव्हा जायच्या आधीच ग्रुपवर ठरवून टाका की दारू वेगळी, एकाने कार्ड मारायचं आणि बाकीच्यांनी तिथेच यूपीआय करायचं. सहा कार्डं काढून मशिनवाल्याला उभं करू नका, आणि 'मी देतो मी देतो' करून बिलाची ओढाओढ तर अजिबात नको, ती फक्त बघणाऱ्यांसाठी करमणूक असते. अॅपवरची ऑफर वापरणार असाल तर ती दारूला लागू आहे का आणि पैसे अॅपमधूनच भरायचे आहेत का हे आधी वाचा, बिल छापल्यावर कूपन दाखवलं की सगळं परत करावं लागतं. बाकी बिलावर आयटम नीट वाचा, गर्दीत दुसऱ्या टेबलाचं सूप तुमच्या नावावर चढतं, मुद्दाम नसतं पण होतं.

सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याला स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. संघटना पुढे अपिलात गेल्यात, म्हणून काही ठिकाणी अजून बिलात दिसतो. द्यायचा नसेल तर शांतपणे 'सर्व्हिस चार्ज काढून द्या' एवढंच म्हणा, कारण द्यायची गरज नाही, आणि ऐकलंच नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. सर्व्हिस चार्जवरही जीएसटी लागतो हे लक्षात घ्या, वरच्या उदाहरणात नुसत्या जेवणावर १० टक्के म्हणजे ९०० आणि त्यावर ४५. मी स्वतः त्याच व्यवसायातली असून सांगते, आमचा पगार नीट देणं हे मालकाचं काम आहे, तो तुमच्या बिलात लपवायचा नाही. पण सर्व्हिस चार्ज काढायला लावला आणि टिपही शून्य, असं केलंत तर मनातल्या मनात आम्ही काय म्हणतो ते विचारू नका. सर्व्हिस आवडली तर बिलाच्या सात-दहा टक्के ठेवा, जमलं तर रोख, कार्डावरची टिप उशिरा पोचते. बहुतेक ठिकाणी टिप सगळ्यांत वाटली जाते, आत भांडी घासणाऱ्या पोरालाही त्यातलं मिळतं, म्हणून एकाच्याच खिशात कोंबू नका. चार्ज भरला असेल तर वेगळी टिप नाही दिलीत तरी चालेल.

प्रमोशनचा केक घरून आणणार असाल तर फोनवरच विचारा, काही जागा कापून वाढायचे पैसे लावतात. सहाचे पाच झालात किंवा बेत बारगळला तर एक फोन टाका, आम्ही कपडे आणि इंग्रजी विसरतो पण न सांगता न येणारा नंबर सिस्टिममध्ये राहतो.

इंग्रजीचं काय, अहो निम्मा फ्लोअर हिंदीत चालतो, स्टाफ ईशान्येकडचा, उत्तराखंडचा, आणि कॅप्टन-मॅनेजरमध्ये मराठी माणूस हमखास सापडतो, मराठीत बोलून बघा. मेन्यूवरचं नाव उच्चारता येत नसेल तर बोट दाखवा, आमच्यातल्या अर्ध्यांनाही ती फ्रेंच नावं नीट येत नाहीत. कपड्यांचं म्हणाल तर साधी जीन्स-शर्ट, कुर्ता, काहीही चालतं, फक्त पुरुषांनी चप्पल आणि हाफ पँट टाळा, काही ठिकाणी दारावरच अडवतात. आणि मुलींनी एखादी ओढणी किंवा स्टोल जवळ ठेवा, कारण एसीचा गारठा आम्ही सूट घालून फिरणाऱ्या स्टाफच्या हिशोबाने लावलेला असतो.